तीन थरांचा चिकू केक

सोमवार, १ मे २०१७. तलासरी. सकाळी ११.
झेंडावंदन करून आलो. आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

काल डहाणूला मुलीच्या घरी जाऊन आलो. मी, बायको दक्षा आणि आमचा मुलगा सुनिल. सुनिल उंबरगावला कंपनीत आहे. मुलगी निलम, डहाणूला नर्स. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलंय, आपण फक्त मान हलवायची. वडील चिमण गुरुजी, रिटायर्ड हेडमास्तर. ब्लॉकमध्ये राहतात. दुसरा मजला. लिफ्ट नाही, पण सगळ्या खिडक्यांना पडदे आहेत.

आईला नेलं नाही. गाडीत जागा नव्हती. (गाडी सेव्हन सीटर. पण मागची सीट कुरकुरते.)

एक किरकोळ बाब. त्यांनी छोटे कप केक दिले. मी माझा कागदासकट खाल्ला. कागद पातळ होता, कोणाच्या लक्षात आलं नसावं. दुसरा केक निलमने मला कागद काढून दिला. ते आदरापोटी.

मग तानीबाईंनी, म्हणजे निलमच्या आईने, विचारलं की तुमच्याकडे केक आवडतो का. मी म्हणालो, आवडतो म्हणजे काय, मी तर घरीच करतो, तीन थरांचा, आपल्या चिकूचा. असं का म्हणालो ठाऊक नाही. कागद अजून घशात होता. गुरुजी खूश झाले. म्हणाले, मग एकवीस तारखेला आम्ही येतो तुमच्याकडे, तेव्हा खाऊच.

परत येताना दक्षा पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती. तिला निसर्ग आवडतो.

वीस दिवस आहेत. भरपूर झाले.

बुधवार, ३ मे. संध्याकाळी ७.
मोबाईलवर केकचे सतरा व्हिडिओ पाहिले. काही नाही त्यात. मैदा, साखर, अंडी, हवा. सगळी गंमत हवेची आहे. थिअरी पूर्ण झाली असं समजायला हरकत नाही.

संकल्प: (१) रोज एक थर करून बघणे. (२) दक्षाला मध्ये घ्यायचं नाही. ती अंगणवाडीत ऐंशी पोरांची खिचडी करते, तिला बारीक कामाची सवय नाही.

शनिवार, ६ मे.
पहिला ट्रायल. कुकरमध्ये मीठ पसरून, त्यावर डबा ठेवून. शिट्टी काढायची होती, काढली नाही. ते व्हिडिओत फार पटकन सांगतात.

तिसऱ्या शिट्टीला आई बाहेरच्या ओट्यावरून उठून आत आली. म्हणाली, डाळ झाली वाटतं. मी म्हणालो, केक आहे. ती म्हणाली, मग झाला का केक?

केक झाला होता, पण वेगळ्या स्वरूपात. सुरी आत गेली नाही. आईने तुकडा मोडून खाल्ला, थोडा पाण्यात बुडवून. चांगला आहे, पोटात बसतो, म्हणाली. तिला दात कमी आहेत, तरी पूर्ण खाल्ला. मला उगाच राग आला. तिला कळतच नाही कुठली गोष्ट चांगली झाली नाही ते.

आजची चूक कुकरची.

बुधवार, १० मे. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.
आईबद्दल विचार करणं भाग आहे.

आई धवलेरी आहे. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो, धवलेरी असते. ती रात्रभर गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनी लग्न लागतं. आईने तलासरीपासून रानशेतपर्यंत किती लग्नं लावली तिलाच मोजता येणार नाहीत. चांगलंच आहे ते. पण गुरुजींच्या घरी भिंतीवर इंग्लिश कॅलेंडर आहे.

आई लुगडं गुडघ्यापर्यंत नेसते. मिश्री लावते. खुर्ची दिली तर खुर्चीवर पाय वर घेऊन बसते. आणि कोणीही आलं की सांगते, आमचा उमेश लहानपणी शाळा चुकवून ताडावर चढून बसायचा, मी खालून दगड मारून त्याला उतरवायची. मी आता सिनिअर क्लार्क आहे.

लाज वाटते असं मुळीच नाही. हवामानाचा प्रश्न आहे. तलासरीत मे महिन्यात पत्र्याखाली उकडतं. रानशेतला सुक्याकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, कौलं आहेत, झाडं आहेत. तिच्या तब्येतीच्या दृष्टीने विचार करतोय.

रविवार, १४ मे. दुपारी ४.
वापीहून ओव्हन आणला. खरा, काचेचा. दिवा लागतो आत. शेजारची गंगी बघायला आली, म्हणाली, टीव्ही लहान आहे तुमचा.

दुसरा ट्रायल. केक छान फुगला, मी हाक मारून सगळ्यांना बोलावलं आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा मध्ये खड्डा होता, चांगला वाटीएवढा. आत कच्चं. दक्षा म्हणाली, चिकू फार घातलेत, त्यात पाणी असतं. आईसुद्धा तेच म्हणाली. दोघी एकदम बोलल्या की मला विचार करता येत नाही.

मुद्दा व्होल्टेजचा आहे.

गुरुवार, १८ मे. संध्याकाळी.
आईला रानशेतला सोडून आलो.

काल सांगितलं तिला, चार दिवस सुक्याकडे जाऊन ये, इथे तुला उकडतं. ती म्हणाली, मला नाय उकडत. मी म्हणालो, उकडतं. ती म्हणाली, पण रविवारी सुनिलची माणसं येणार ना? मी म्हणालो, ती फक्त घर बघायला येणार आहेत, दोन मिनिटं, खरा कार्यक्रम नंतर आहे, तेव्हा तुला घेऊन येतो. तिने माझ्याकडे पाहिलं. बरं म्हणाली. तू बोलवशील तवा येन.

आज सकाळी तिचं लाल लुगडं दोरीवर वाळत होतं. ठेवणीतलं. पाहुण्यांसाठी धुतलं होतं. निघायची घाई होती, तिने ते ओलंच पिशवीत भरलं. पूर्ण रस्ता गाडीत साबणाचा वास येत होता.

दक्षा दिवसभर बोलली नाही. उन्हाळ्याने होतं असं.

सुनिलला कळवलं नाही. त्याची शिफ्ट चालू आहे, उगाच डिस्टर्ब नको.

शनिवार, २० मे. दुपारी ३.
आज एक शास्त्रीय गोष्ट लक्षात आली.

सकाळी तीन डब्यांत मिश्रण ओतलं. पहिला डबा भाजला, तो बसला. वैतागलो. उरलेलं मिश्रण तसंच ठेवून क्रीम आणायला वापीला गेलो. हायवेला ट्रक उलटला होता, चार तास लागले. परत आलो तर ओट्यावर तीन थर. तिन्ही एकसारखे, मऊ, वर सोनेरी. बसलेलासुद्धा उठला होता!

म्हणजे मिश्रणाला वेळ द्यावा लागतो. ते आपलं आपण सेट होतं. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

दक्षाच्या कोपराला पीठ लागलं होतं. मी दाखवल्यावर तिने पुसलं. चपात्यांचं असेल, म्हणाली. दुपारी आम्ही भात खाल्ला.

क्रीम जरा जास्त फेटलं गेलं. त्याचं लोणी झालं. लोण्याचं आयसिंग परदेशात चालतं.

रविवार, २१ मे. सकाळी ६.
केक उभा राहिला! तीन थर, मध्ये चिकूचे काप, वर काजू. किंचित कलतोय, पण मी त्या बाजूला फ्लॉवरपॉट ठेवला आहे.

सकाळी ११.३०.
सुनिल आला. आल्याआल्या विचारलं, आजी कुठाय. मी म्हणालो, रानशेतला. तो म्हणाला, आज? कशाला? गाडीचा हॉर्न वाजला म्हणून वाचलो.

संध्याकाळी ६.३०.
सगळं क्रमाने लिहितो. लिहिलं नाही तर उद्या मी ते वेगळं आठवीन.

गुरुजी, तानीबाई आणि निलम आले. बसले. पाणी झालं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, हिरीबाई कुठे आहेत?

त्यांना आईचं नाव ठाऊक होतं. तानीबाई म्हणाल्या, आमचं लग्न त्यांनीच लावलं हो, अठ्ठ्याऐंशी साली, आमच्या पाड्यावर. त्या येईपर्यंत मांडव थांबला होता. गुरुजी म्हणाले, खरं सांगू का, तुमच्याकडे येण्याचं आमचं खरं कारण त्याच आहेत. निलमच्या लग्नाला धवलेरी म्हणून त्यांनीच बसावं, एवढं विचारायला आलोय. तानीबाईंच्या मांडीवर एक पिशवी होती. त्यात लुगडं होतं, आईसाठी.

मी म्हणालो, आई आजारी आहे.

तोंडातून निघून गेलं. सुनिल उभाच राहिला. काय झालं, कधीपासून, मला का नाही सांगितलं, असे तीन प्रश्न त्याने एका दमात विचारले. मी म्हणालो, चक्कर येते. थोडा ताप. त्याचा चेहरा पांढरा पडला. दक्षा आत गेली आणि नळ सुरू केला.

वातावरण बदलावं म्हणून मी केक आणला. फ्लॉवरपॉट काढावा लागला. पहिली सुरी लावली आणि वरचा थर सावकाश सरकून गुरुजींच्या बाजूला गेला. त्यांनी हाताने थोपवला. रिटायर्ड असले तरी चपळ आहेत. सगळ्यांनी खाल्ला. तानीबाई म्हणाल्या, आतला भाग फार सुंदर झालाय, किती वेळ भाजलात? मी म्हणालो, ते केकवर अवलंबून असतं.

पण सुनिलने तुकडा हातातच धरला होता. म्हणाला, पप्पा, मी आजीकडे जातो. गुरुजी लगेच उठले. आम्हीपण येतो, रानशेत आमच्या वाटेवरच आहे. निलम म्हणाली, माझ्या पर्समध्ये बीपीचं मशीन आहे. मी म्हणालो, तिला झोप लागली असेल. म्हणालो, रस्ता खराब आहे. म्हणालो, ताप साथीचा असू शकतो. निलम म्हणाली, मग तर बघायलाच हवं, काका.

तानीबाई म्हणाल्या, उरलेला केक घ्या, आजारी माणसाला बरं वाटेल.

तलासरी ते रानशेत आमची गाडी सुनिल चालवत होता, मी केक मांडीवर घेऊन बसलो होतो. चारोटीच्या पुलावर आयसिंगचं पाणी झालं. चिकूचे काप माझ्या पँटवर उतरले. सुक्याला सहा वेळा फोन लावला. तिथे रेंज फक्त चिंचेखाली येते.

पाड्यापर्यंत गाडी जात नाही. शेताच्या बांधावरून पाच मिनिटं चालावं लागतं. मी म्हणालो, तुम्ही सावकाश या, मी पुढे जाऊन बघतो ती जागी आहे का. आणि केकचं ताट घेऊन पळालो. बावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात केक. वरचा थर बांधावरच पडला, थांबायला वेळ नव्हता.

आई छपरावर होती.

पावसाच्या आधी कौलं चाळायचं काम काढलं होतं. सुक्या खालून कौल देत होता आणि आई वर बसून लावत होती, पदर खोचून. मला बघून हसली. म्हणाली, आलास न्यायला?

मी म्हणालो, आई, खाली उतर. तू आजारी आहेस.

ती थांबली. हातात कौल तसंच. विचारलं, काय झालंय मला?

मी म्हणालो, चक्कर. आणि ताप.

सुक्याने माझ्याकडे बघितलं. बांधावर गुरुजींची छत्री दिसायला लागली होती. आईनेही ती पाहिली. माझ्याकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. मग काही न विचारता शिडीवरून उतरली, हात लुगड्याला पुसले, आत जाऊन बाजेवर आडवी झाली आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. दुपारचे दोन वाजले होते. मे महिना. घामाच्या धारा लागल्या होत्या तिला. मी शेजारी बसलो तर हळूच म्हणाली, कण्हू का?

मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, थोडं.

ते आले. सुनिलने तिचे पाय धरले. ती म्हणाली, काय नाय रे, चक्कर येते जराशी. सगळं अगदी बरोबर सांगितलं. गुरुजींनी नमस्कार केला. तानीबाई रडल्या आणि लुगडं तिच्या उशाशी ठेवलं. आईने त्यांना ओळखलं. नवरी असताना तुझ्या पायाला काटा लागला होता, म्हणाली, आणि मग आठवून कण्हली.

निलमने बीपी बघितलं. नाडी बघितली. आईचा हात उलटा केला. तळव्याला कौलाची लाल माती होती, नखांत पण. केसांत कोळ्याची जाळी. निलमने वर पाहिलं. बरोबर आमच्या डोक्यावर चार कौलांएवढं आभाळ उघडं होतं आणि ऊन सरळ बाजेवर पडत होतं. तिने मशीन आवरून ठेवलं. सगळ्यांना म्हणाली, बीपी चांगलं आहे, विश्रांती घेऊ दे.

गुरुजींनी धवलेरीचं विचारलं. मला वाटलं आता आई उठून बसणार. अख्ख्या आयुष्यात तिने या गोष्टीला नाही म्हटलेलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाने काय म्हणायचं असतं ते विचारल्यासारखं. मी दारातून बाहेर केकच्या ताटाकडे बघत होतो. मग ती म्हणाली, बरी झाले तर येन.

तर, म्हणाली. नातवाच्या लग्नाला.

गुरुजी म्हणाले, तुम्ही बऱ्या व्हा, तारीख मग धरू. घाई नाही.

केक मी शिडीजवळ ठेवला होता. कोंबड्यांनी संपवला.

निघताना निलम माझ्याजवळ थांबली. बाकीचे पुढे गेले होते. म्हणाली, काका, चक्कर येत असेल तर त्यांना छपरावर चढू देऊ नका. रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

सुनिल माझ्याबरोबर परत आला नाही. आजीजवळ राहिला.

सोमवार, २२ मे. दुपारी.
ऑफिसला रजा. कारण: आईचं आजारपण. अर्ज लिहिला आणि फाडला.

गुरुजींना फोन केला. आधी हवामानावर बोललो. मग पावसावर. मग त्यांनी विचारलं, हिरीबाई कशा आहेत, तेव्हा सांगितलं. आई आजारी नाही. मीच तिला पाठवून दिलं होतं. कशासाठी, ते वाक्य मला पूर्ण करता येईना. गुरुजी फोनवर थांबून राहिले. मास्तर लोक थांबू शकतात, पोराला उत्तर येईपर्यंत. शेवटी म्हणालो, मला वाटलं तुम्ही हसाल तिला.

ते म्हणाले, निलमने गाडीतच सांगितलं होतं. तानी मागे फिरायचं म्हणत होती, हिरीबाईंना उठवायला. मीच म्हटलं, नको. त्यांनी मुलाची अब्रू झाकली आहे, ती आपण उघडायची नाही.

शेवटी ते म्हणाले की केक मात्र उत्तम होता, दक्षाताईंना सांगा. म्हणजे तेही त्यांना कळलं होतं.

दक्षाला विचारलं, तू का केलेस थर. म्हणाली, तुम्ही तोंडघशी पडलात तर सुनिलपण पडेल म्हणून. मग म्हणाली, आईंना नेलंत त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. केक केला त्यापेक्षा.

या वहीत मागची पानं वाचली. कुकर, व्होल्टेज, हवामान. अक्षर माझंच आहे.

मंगळवार, २३ मे. रानशेत. दुपारी १२.
आईला न्यायला आलो. दक्षा बरोबर आहे.

पाड्यावर बातमी पसरली आहे की हिरी आजारी पडली, डहाणूहून गाडी करून माणसं बघायला आली. दोन दिवस लोक येतायत. कोणी अंडी आणलीत, कोणी तांदळाची पेज. तुक्या भगताने अंगारा लावून ठेवलाय. सुक्या माझ्याशी बोलत नाही. सुनिल छपरावर आहे, कौलं लावतोय, त्याने खाली पाहिलं नाही.

आई बाजेवर. गोधडीत. सुक्याची बायको म्हणाली, रविवारपासून उठल्या नाहीत, उजाडायच्या आत तेवढं बाहेर जाऊन येतात. मी सांगितलं उठा, तर म्हणतात उमेशने सांगितलंय.

मी बाजेजवळ जमिनीवर बसलो. गुरुजींना खरं सांगितलं, असं म्हणालो. मीच तुला लपवलं, म्हणालो. तिने ऐकलं. मला वाटलं काहीतरी बोलेल. दगड घेतला असता तरी चाललं असतं.

तिने गोधडीची कडा थोडी खाली केली, दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, मग उठू का आता?